एल्बियाबाईंची मंडळी

७ मार्च, गुरुवार

फाकुंदोने आज सगळ्यांना एकेक काळी वही वाटली. "प्रकल्पाची नोंदवही. रोज लिहायचं. विज्ञान म्हणजे शिस्त," म्हणाला. त्या वहीत मी तारीख, पेशंटचा क्रमांक आणि यंत्राचं तापमान लिहीन. बाकीचं इथे, घरच्या वहीत. साठाव्या वर्षी दैनंदिनी लिहायला बसले आहे. कारण एवढंच की दिवसभराचं पित्त कुठेतरी ओकायला हवं आणि घरात ऐकायला कुणी नाही.

तर फाकुंदो आरोसेना. वय अडतीस. सहा वर्षं बार्सिलोनात काढली आणि मोंतेविदेओत परत आला तो थेट आमचा विभागप्रमुख होऊन. मी ह्या इस्पितळात एकतीस वर्षं मनोरुग्ण तपासते आहे. हा मला पहिल्या दिवसापासून 'झुनिनोबाई' नाही, 'अगं मिर्ता' म्हणतो.

त्याच्या प्रकल्पाचं नाव तीन ओळींचं आहे. माणसांच्या भाषेत सांगायचं तर असं: काही लोकांना अंगात नसलेल्या गोष्टी जाणवतात. कातडीखाली किडे, पोटात तार, छातीत दगड. अशा वीस जणांना एमआरआयच्या बोगद्यात घालायचं, वीस धडधाकट माणसांनाही घालायचं आणि कुणाच्या मेंदूत कुठे रंग उमटतो ते बघायचं. यंत्र आम्हाला मिळणार गुरुवारी सकाळी सात ते नऊ. नऊनंतर गुडघे आणि मणके येतात. त्यांना निदान खरं दुखणं असतं.

वीस भ्रमिष्ट शोधून आणायचं काम माझ्याकडे. डिसेंबरात मी निवृत्त होणार. एकतीस वर्षांच्या नोकरीचा शेवट असा, माणसं गोळा करणाऱ्या दलालासारखा.

१२ मार्च, मंगळवार

पहिली सापडली. एल्बिया कार्दोसो, वय एकाहत्तर, राहणार सेर्रो. एकोणतीस वर्षं मांसाच्या कारखान्यात हाडं सोडवायचं काम केलं. नवरा वारला, मुलगी फाबियाना सोबत राहते.

दारातूनच म्हणाली, "डॉक्टरबाई, आधी खिडकी लावा. वाऱ्याने उडतील."

खिडकी लावली. तिने पिशवीतून माचिसची पेटी काढली आणि टेबलावर माझ्यासमोर अलगद उघडली. असल्या पेट्या मी आयुष्यात पन्नासेक पाहिल्या असतील. ह्या आजाराचे लोक पुरावा घेऊनच येतात. आत लोकरीचा धागा होता, दोन खपल्या, पावाचा एक कण.

"हा मोठा. हा कालचा. आणि ही त्यांची अंडी असावीत असं मला वाटतं."

"एल्बियाबाई, हा पावाचा कण आहे."

"मेल्यावर तसेच दिसतात ते."

ती त्यांना 'मंडळी' म्हणते. आज मंडळी शांत आहेत, काल मंडळींनी झोपू दिलं नाही. घरात भाडेकरू ठेवावेत तशी. नऊ वर्षं झाली. दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत ओरबाडलेले. त्वचेचे तीन डॉक्टर झाले, एक मंत्रवाली झाली, शेवटी गुरांचा डॉक्टरसुद्धा झाला. त्या गुरांच्या डॉक्टरबद्दल तिला आदर आहे. "त्याने निदान भिंग तरी काढलं," म्हणाली. ही कोपरखळी मला होती.

चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला. सव्वा तास लागला. प्रकल्पाला उत्तम पेशंट: हुशार, ठाम आणि एक शब्द पटवून न घेणारी.

२१ मार्च, गुरुवार

एल्बियाबाई बोगद्यात. काम सोपं आहे. विल्मार तिच्या हातावरून मऊ ब्रश फिरवतो, मग थांबतो. ब्रश नसताना मंडळी चालली असं वाटलं की तिने बटण दाबायचं.

विल्मार आमचा तंत्रज्ञ. पन्नाशीचा, पोट सुटलेला. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते नावाच्या कडू हिरव्या चहाचा भोपळा आणि नळी. खोलीत खाणंपिणं मना आहे अशी पाटी त्याच्याच डोक्यावर लावलेली आहे. पेशंटांशी तो लहान मुलांशी बोलावं तसा बोलतो. "गार लागतंय का आजी? पायावर घोंगडी टाकू?" एका घोंगडीवर पाच मिनिटं गेली. त्या पाच मिनिटांचा हिशेब फाकुंदो माझ्याकडे मागणार.

पण एक मान्य करायला हवं. बाई चाळीस मिनिटं दगडासारखी पडून राहिली. ती यंत्राची ठकठक भल्याभल्यांना सहन होत नाही.

"शीतघरात आठ-आठ तास उभी राहायचे मी," बाहेर आल्यावर म्हणाली. "हलले की सुरी बोटात. फोटोत मंडळी येतील ना?"

"फोटोत तुमचा मेंदू येईल."

"हं. म्हणजे तिथवर गेलीयेत म्हणा ना."

उत्तर दिलं की ती त्यावर घर बांधते.

४ एप्रिल, गुरुवार

पर्यटन सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या सुट्टीत, अख्खं मोंतेविदेओ समुद्रावर पळालं, आता सगळे भाजलेल्या नाकांनी परत आलेत.

आज डॉन एर्मेस पित्तालुगा. निवृत्त नोटरी. आतडी काचेची झाली आहेत अशी पक्की खात्री. बायको उशी घेऊन मागे मागे चालते, नोटरीसाहेब बसतील तिथे आधी उशी. बोगद्यात झोपायला साफ नकार. तडा गेला तर?

बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टर, ह्यांना घाला एकदा आत. तडा गेला तर जाऊ दे. मी अकरा वर्षं उशी उचलतेय."

आजवर भेटलेल्यांत शहाणं माणूस हे एकच.

एल्बियाबाईंना मी दर मंगळवारी बोलवायला सुरुवात केली आहे. प्रकल्पात तशी गरज नाही, पण भ्रम वाद घालून किती ढळतो ते बघायचं आहे. परवा तासभर वाद घातला. तसूभरही ढळला नाही. जाताना म्हणाली, "तुम्ही दुपारी जेवत नाही का? हाडं दिसायला लागलीत." पुढच्या मंगळवारी काहीतरी आणते म्हणाली. पेशंटकडून काही घ्यायचं नसतं हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

१८ एप्रिल, गुरुवार

धडधाकट माणसं मिळेनात. बोगद्यात फुकट झोपायला कोण येतं? फाकुंदो म्हणाला, "अगं मिर्ता, तूच जा की." गेले.

बाहेर आल्यावर विल्मार पडद्याकडे बघत होता. "डॉक्टर, ब्रश नव्हता तेव्हा तुम्ही चार वेळा बटण दाबलंत."

"चुकून दाबलं गेलं."

"चार वेळा?"

"तुमचा तो गाऊन खरखरीत आहे. इस्पितळाने साबण बदलला असेल."

"असेल," म्हणाला आणि माते ओढत बसला. ह्या माणसाचं 'असेल' फार चीड आणणारं असतं.

कातडीकडे चाळीस मिनिटं लक्ष लावून पडलं तर कुणालाही काहीतरी जाणवतं, पुस्तकात आहे हे. तरी माझी नोंद प्रकल्पातून काढायला लावली. गाऊन सदोष होता.

१६ मे, गुरुवार

चित्र तयार झालं. राखाडी मेंदू, कानशिलाच्या आत खोलवर एक लाल ठिपका. शरीराच्या आतल्या जाणिवांचा भाग तिथे असतो, हे मला विद्यार्थिनी असल्यापासून माहीत आहे. फाकुंदो त्या ठिपक्याकडे असा बघत होता, जणू त्याला पहिलं मूल झालं.

हा ठिपका येतो कसा ते मी पाहिलं आहे. आधी काहीच दिसत नव्हतं. मग संगणकाला सांगितलं, जरा कमी फरक असला तरी रंगव. तरी नाही. अजून कमी. मग उगवला. अकरा पेशंट, नऊ धडधाकट, आणि फाकुंदोने वार्ताहर बोलावलासुद्धा. 'भ्रमाचा पत्ता सापडला!' असं शीर्षक आलं आहे. खाली फाकुंदोचा फोटो, दाढी कोरलेली. मागे पाठमोरी बसलेली बाई म्हणजे मी.

२१ मे, मंगळवार

आज मी जे केलं त्याला उपचार म्हणतात.

एल्बियाबाई वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आली. दारातूनच सुरू. "सगळ्यांना दाखवलंत, मला नाही. माझा फोटो द्या."

"अभ्यासाची चित्रं पेशंटला देत नाहीत."

"का? डोकं कुणाचं आहे?"

अर्धा तास हेच. हात पुन्हा रक्ताळलेले, माझ्या टेबलावर खपल्या पडतायत, आणि ही कोर्टात उभी राहिल्यासारखी बोलतेय. आधीच्या तीन रात्री मला झोप नव्हती. उठले, यंत्राच्या खोलीत गेले आणि विल्मारला तिचं चित्र छापायला सांगितलं. "द्यायचंय का हे त्यांना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही छापा."

कागद तिच्यापुढे टाकला. लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "घ्या. हीच तुमची मंडळी. इथे आहेत, हातात नाहीत. आता हात ओरबाडणं बंद करा."

तिने चष्मा काढून पुसला, परत लावला. बराच वेळ बघत राहिली. मग उठून माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. डोळ्यांत पाणी. "नऊ वर्षं, डॉक्टरबाई. नऊ वर्षांत कुणी म्हणालं नाही की आहेत म्हणून."

कागदाची घडीसुद्धा न करता छातीशी धरून गेली.

एकतीस वर्षं गोळ्या, समजावणं, धीर धरा. आणि काम झालं एका कागदाने.

६ जून, गुरुवार

दोन आठवडे झाले, एल्बियाबाईचे हात भरून आले आहेत. गुलाबी, नवी कातडी. एक ओरखडा नाही. मी भिंग लावून पाहिलं, तीही खूश झाली.

फाकुंदोला सांगितलं, पण कागद दिला हे नाही. फक्त "चित्राबद्दल समजावून सांगितलं" असं. तो खुर्चीतून उठलाच. "चित्र दाखवून उपचार! अगं मिर्ता, ह्यावर वेगळा लेख होईल. तुझं नाव पहिलं." मी म्हटलं, बघू. आयुष्यात माझं नाव पहिलं कधी आलं नाही, आणि ह्या माणसाच्या तोंडून ते ऐकून बरं वाटावं ह्याची मला लाज वाटली. थोडीच वाटली.

मंगळवारी तिने पावसाचं निमित्त करून तळलेल्या तोर्ता, म्हणजे आमच्याकडच्या पावसाळी पुऱ्या, आणल्या होत्या, फडक्यात गुंडाळून, अजून गरम. नाकारणं वाईट दिसलं असतं. चार खाल्ल्या.

डोक्याला रुमाल बांधला होता तिने. म्हटलं जूनची थंडी फार आहे ह्या वर्षी.

२५ जून, मंगळवार

एल्बियाबाई आली नाही. मागच्या मंगळवारीही नव्हती. बरं वाटायला लागलं की डॉक्टर आठवत नाही, सगळे सारखेच. जेवणाच्या सुट्टीत दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. बस अडकली असेल असं वाटलं.

२ जुलै, मंगळवार

सकाळी फाबियाना आली. कारखान्याच्या पांढऱ्या बुटांवरच, रात्रपाळीवरून थेट. बसली नाही.

"आई कानाच्या वॉर्डात आहे. शनिवारपासून."

मी विचारलं काय झालं.

"तुम्ही तिला फोटो दिलात. तिने तो चौकटीत लावला. सगळ्या गल्लीला दाखवला, डॉक्टरबाईंनी शोधून काढलं म्हणून. मग म्हणायला लागली, हातातली सगळी वर चढलीयेत, आता डोकं खातायत. केस कापले. गोळ्या टाकून दिल्या, कारण गोळ्या भ्रमावर असतात आणि हा काही भ्रम नाही, फोटो आहे. शनिवारी मी कामावर असताना कानात गुरांचं औषध ओतलं. जखमेतल्या अळ्यांवर मारतात ना, जांभळं? ते. लहानपणी मेंढ्यांना लावायची म्हणे."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"ठिपका कानाजवळ होता ना," फाबियाना म्हणाली. "म्हणून कानातून."

डावा कान. पडदा जळाला, ऐकू यायचं नाही. चित्रात डावी बाजू म्हणजे खरी उजवी, ते छापतातच तसं उलटं. हेही मी तिला सांगितलं नव्हतं.

गोळ्या बंद केल्या हे मुलीने बघायला नको होतं? घरात असलं औषध ठेवतं कोण? आणि त्या वार्ताहराला कुणी बोलावलं होतं?

४ जुलै, गुरुवार

चौकशी समिती. तीन डॉक्टर आणि एक वकीलबाई. प्रश्न एकच: चित्र पेशंटच्या हातात कसं गेलं?

छपाईयंत्राच्या नोंदीत २१ मे, दुपारी सव्वातीन, विल्मारचं नाव. बाकी काही नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, "छापलं मी." कुणी सांगितलं? "आठवत नाही."

मी तिथेच बसले होते. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

त्याला गुरुवारच्या कामावरून काढलं आहे, निर्णय होईपर्यंत. फाकुंदो बाहेर येऊन मला म्हणाला, "सुटलो. तंत्रज्ञाने केली तर ती चूक असते. डॉक्टरने केलं तर प्रकरण होतं."

मी 'हो' म्हणाले. हे इथे लिहून ठेवते. मी 'हो' म्हणाले.

११ जुलै, गुरुवार

आज यंत्रावर कुठलीशी पोरगी होती, बदली म्हणून आलेली. पटपट काम करते. पेशंटाशी बोलत नाही. पेशंट दोनदा घाबरून बाहेर आला आणि सकाळ फुकट गेली. घोंगडी कुठे असते तेही तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

विल्मार तळघरात सापडला, जुन्या क्ष-किरणांच्या फायली लावत होता. मी विचारलं, "का नाही सांगितलंत?"

"काय?"

"मूर्खासारखं करू नका. मी छापायला सांगितलं होतं."

"बटणावर बोट माझं होतं, डॉक्टर. मला वाटलं होतं देऊ नये. वाटलं, तरी दाबलं." मग भोपळा भरून माझ्यापुढे केला. "घ्या. इथे पाटी नाहीये."

मी त्याच्याबरोबर आजवर कधी माते प्यायले नव्हते. फार कडू करतो.

१५ जुलै, सोमवार

वकीलबाईंचा फोन आला. एल्बियाबाईंची जबानी घेतली म्हणे वॉर्डात जाऊन. तिने सांगितलं, डॉक्टरबाई बाहेर गेल्या होत्या, कागद टेबलावर होता, मी पिशवीत टाकला. "म्हातारीने चोरी केली असं लिहा," म्हणाली. सही केली. म्हणजे फाईल बंद होईल, फक्त चित्र टेबलावर उघडं टाकल्याबद्दल तंत्रज्ञाला ताकीद मिळेल. "तुम्हाला कळवावं म्हटलं," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात सुटका होती. सगळ्यांच्याच आवाजात आहे.

मलाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

एका खुळ्या म्हातारीने आणि एका तंत्रज्ञाने मिळून मला वाचवायचं ठरवलं आहे. मी काय मांजराचं पिल्लू आहे? कुणी मागितली होती ही दया? दुपारी मी साध्या कागदावर सहा ओळी लिहिल्या. २१ मे रोजी चित्र मी छापून घेतलं, मी दिलं, त्याचा अर्थ मी खोटा सांगितला. तारीख, सही. फार मोठं काही केलं नाही. ह्या दोघांचं ऋण घेऊन मला डिसेंबरात भाषणं ऐकायची नाहीत, एवढंच.

फाकुंदोने वाचलं, दार लावून घेतलं. "लेखी कशाला पण? अगं मिर्ता, पाच महिने राहिलेत तुझे!"

"झुनिनोबाई म्हणा," मी म्हटलं.

१८ जुलै, गुरुवार

कानाचा वॉर्ड. सहा खाटा. एल्बियाबाई खिडकीकडची, डोक्याला पट्टी, केस कापलेले, चेहरा एवढासा. मला बघून हसली. "आलात! मी फाबियानाला म्हणत होते, येणार त्या."

"तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"तुमची पेन्शन गेली असती ना."

खुर्ची नव्हती. मी उभीच राहिले. "एल्बियाबाई, त्या चित्रात मंडळी नाहीत."

"बारीक आहेत, दिसत नाहीत."

"नाहीतच. तो लाल रंग संगणकाने भरलेला आहे. तिथे रक्त जरा जास्त गेलं, त्याची खूण. हातावर ब्रश फिरवला तरी जातं. तुम्हाला जाणवतं ते खरं आहे, एवढंच त्यातून म्हणता येतं, आणि तेही नीट नाही. मला हे तेव्हाही माहीत होतं."

ती माझ्या ओठांकडे बघत होती, एका कानाने ऐकणारे बघतात तशी. "मग हीच तुमची मंडळी असं का म्हणालात?"

"तुम्ही गप्प बसावं म्हणून."

शेजारच्या खाटेवरची बाई भांडं वाजवायची थांबली.

"ते त्वचेचे डॉक्टर हसायचे मला," एल्बियाबाई म्हणाली. "तिघंही. तोंडावर. मला कळायचं हसतायत ते. तुमचं कळलं नाही मला."

आणि तिने उशीवर मान वळवली. पट्टीचा कान माझ्या बाजूला आला. मी आणखी काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही. तिला ऐकू जाणार नव्हतंच.

८ ऑगस्ट, गुरुवार

निर्णय आला. मला प्रकल्पातून काढलं, लेखी ठपका आणि डिसेंबरपर्यंत सक्तीची रजा. विल्मार परत यंत्रावर. भाषणं टळली.

फाकुंदोचा लेख तयार आहे. विल्मारने मला वाचून दाखवला, फोनवर. एकोणीस पेशंट. 'एका पेशंटची प्रतिमा हालचालीमुळे अस्पष्ट आल्याने वगळण्यात आली.' हालचालीमुळे! त्या अख्ख्या प्रकल्पात बोगद्यात न हललेलं माणूस एकच होतं. आतडी काचेची झालेला नोटरी मात्र त्यात आहे, शेवटी बायकोने त्याला आत ढकललाच.

फाबियानाला फोन केला. एल्बियाबाई घरी आली आहे, गोळ्या घेते, मुलगी समोर उभं राहून गिळायला लावते. माझ्याशी बोलणार नाही म्हणाली.

५ सप्टेंबर, गुरुवार

सेर्रोला बसने पाऊण तास लागतो. फाबियाना दारात उभी राहिली. "आई झोपलीये." आतून रेडिओचा आवाज येत होता, मोठ्ठा. मी म्हटलं, बरं, गोळ्यांचं प्रमाण बघायला आले होते. तिने पाकीट आणून दाखवलं. प्रमाण बरोबर होतं. परत आले.

मागच्या गुरुवारीही झोपलीच होती.

१९ सप्टेंबर, गुरुवार

झोपलीये. पाऊस होता, तरी गेले. गल्लीतल्या एका बाईने खिडकीतून विचारलं, "तुम्हीच का त्या फोटोवाल्या?" मी 'हो' म्हटलं. तिने खिडकी लावून घेतली.

विल्मार म्हणतो, जात राहा. त्याला काय जातं म्हणायला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

फाबियाना कामावर निघाली होती. ती बूट घालूनच दारात आली, माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "जा आत. मला उशीर होतोय. चिडवू नका तिला."

एल्बियाबाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. केस बोटभर वाढलेत, पांढरेशुभ्र. वर बघितलं नाही. मी तिच्या डाव्या हाताला खुर्ची ओढली.

"तिकडे बसून काय भिंतीशी बोलणार? इकडून या."

मी उठून उजवीकडे बसले.

"मंडळी परत हातात आलीत," ती म्हणाली. "डोक्यातून खाली. दोन आठवडे झाले. पूर्वीइतकी नाहीत."

"बरं."

"बरं काय? म्हणा की नाहीत म्हणून. घाला वाद."

"नाही घालत."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच आजारी पडले आहे. तिचे हात मला दिसत होते. मनगटापाशी दोन नवे ओरखडे होते, बारीक. चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म मी भरला होता ह्या हातांवर. किती वर्षं, कुठे, दिवसातून किती वेळा, आवाज येतात का, आत्महत्येचे विचार. मी सगळे प्रश्न मनात एकदा फिरवून पाहिले.

"एल्बियाबाई," मी म्हटलं, "कसं वाटतं ते?"

तिचा अंगठा शेंगेतच थांबला.

ऐकू आलं नसेल असं वाटून मी जरा मोठ्याने म्हटलं, "मंडळी चालतात ना, तेव्हा. कसं वाटतं?"

"ओरडू नका. ह्या कानाने येतं ऐकू मला." ती ताठ बसली. "सात महिने. त्या नळकांड्यात घातलंत, कागदावर कागद भरलेत, दर मंगळवारी भांडलात, माझ्या तोर्ता खाल्ल्यात. आणि हे आज विचारताय? कसल्या हो डॉक्टर तुम्ही?"

"वाईट," मी म्हटलं.

"ते दिसतंच आहे."

मग तिने शेंगांची टोपली माझ्यापुढे सरकवली. "सोला तेवढ्या. सांगायला वेळ लागेल."